‘सुफळ संपूर्ण’ न होणारे सिनेमे: शेवटाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या गावात आम्ही पाच-सहा जण मिळून महिन्यातून एकदा सिनेमा दाखवतो. वाचनालयाचा हॉल, भिंतीवर ताणलेला पांढरा पडदा, भाड्याच्या प्लास्टिकच्या खुर्च्या. सिनेमा संपल्यावर अर्धा तास गप्पा होतात आणि त्यात हमखास एक प्रश्न येतो: “शेवट असा अर्धवट का सोडला?” तो इतक्या तऱ्हांनी विचारला गेला आहे की एकदा नीट बसून उत्तरं लिहून काढली. पुढे बऱ्याच चित्रपटांचे शेवट उघड केले आहेत. एखादा पाहायचा राहिला असेल तर तेवढा भाग गाळून वाचा.

अचानक संपणारा सिनेमा आणि संदिग्ध शेवटाचा सिनेमा, दोन्ही एकच ना?

दोन्ही वेगळे आहेत, आणि बरीचशी भांडणं ही गल्लत झाल्यामुळेच होतात. ‘सैराट’ (२०१६) अचानक संपतो, पण त्यात संदिग्ध काहीही नाही. आर्ची-परश्याचं काय झालं हे आपल्याला स्वच्छ कळतं. शेजारणीबरोबर बाहेर गेलेलं मूल परत येतं, आत जातं, आणि रक्ताची पावलं उमटवत बाहेर पडतं. आवाज पूर्ण बंद. घटना संपलेली असते. आपण मात्र सावरलेलो नसतो.

‘द लंचबॉक्स’ (२०१३) याच्या उलट. तो घाईने संपत नाही, उलट सावकाश निरोप घेतो. साजन डबेवाल्यांबरोबर लोकलमध्ये बसून इलाचं घर शोधायला निघालेला असतो, डब्यात भजन चाललेलं असतं. ती त्याला भेटते का, ते सांगितलेलं नाही. सुरुवातीला जेवणाचा डबा चुकीच्या पत्त्यावर गेला होता, आता माणूस स्वतःच बरोबर पत्ता शोधत निघालाय. मला तेवढं पुरतं. माझ्या बायकोला पुरत नाही. आमचा हा वाद अजून मिटलेला नाही.

आपल्याला गोष्ट पूर्ण ऐकायची सवय आहे. हे अर्धवट शेवट बाहेरून आलेत ना?

‘ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ हे श्रावणात ऐकत आपण मोठे झालो, त्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे. कहाणीत ज्याचं त्याला मिळतं, उतणाऱ्या-मातणाऱ्याला अद्दल घडते, आणि ऐकणारा हातातल्या अक्षता वाहून मोकळा होतो.

पण त्याच घरांत वेताळ पंचविशीही वाचली जायची. तिथे प्रत्येक गोष्ट वेताळ ऐन मोक्यावर थांबवतो आणि राजाला विचारतो, सांग, यात खरा कोण? उत्तर माहीत असून बोलला नाहीस तर डोक्याची शकलं होतील. राजा उत्तर देतो आणि वेताळ पुन्हा झाडाला जाऊन लोंबकळतो. हे चालत राहतं ते अखेरच्या गोष्टीपर्यंत. त्या गोष्टीत बाप आणि मुलगा दोन बायकांची पावलं पाहतात आणि ठरवतात, मोठ्या पावलांची बापाने करायची, लहान पावलांची मुलाने. प्रत्यक्षात मोठी पावलं मुलीची आणि लहान पावलं आईची निघतात. मग या दोन जोडप्यांना जी मुलं होतील, त्यांचं एकमेकांशी नातं काय? इथे राजा गप्प बसतो. त्याच्याकडे उत्तर नसतं, आणि त्या गप्प बसण्यामुळेच वेताळ खांद्यावर राहतो, राजा पुढे चालू लागतो.

मला कोणी खुल्या शेवटाबद्दल विचारलं की ही गोष्ट आठवते. हे काही फ्रान्सहून आलेलं नाही.

मग असा शेवट जमला की फसला, हे ओळखायचं कसं?

वेताळाकडूनच शिकावं. तो कधीच “पुढे काय झालं असेल बरं?” असं मोघम विचारत नाही. त्याचा प्रश्न नेमका असतो, आणि उत्तर द्यायला लागणारी सगळी माहिती त्याने आधी दिलेली असते. सिनेमा संपल्यावर स्वतःला विचारा: नेमकं काय सांगायचं राहिलं? ते एका वाक्यात सांगता आलं, तर दिग्दर्शकाने ते मुद्दाम आणि विचार करून तुमच्यावर सोपवलंय. “काय झालं तेच कळलं नाही” एवढंच सांगता आलं, तर बहुतेक वेळा त्यालाही ठरवता आलेलं नसतं.

असगर फरहादी यांचा इराणी चित्रपट ‘अ सेपरेशन’ (२०११) घ्या. नादेर आणि सिमीन यांचा काडीमोड होतोय. अकरा वर्षांच्या तेर्मेने ठरवायचंय, आईकडे राहायचं की वडिलांकडे. न्यायाधीश विचारतात, ठरवलंस का? ती रडत रडत म्हणते, ठरवलंय. पण आईवडिलांसमोर बोलायला ती तयार नाही, म्हणून दोघांना बाहेर पाठवतात. बाहेर कॉरिडॉरमध्ये दोघं उभे, मध्ये काच, आणि सिनेमा संपतो.

यात कोडं असं काही नाही. दोनच उत्तरं शक्य आहेत. दोन तास आपण नादेरचा हट्ट पाहिलाय, म्हाताऱ्या वडिलांना त्याने आंघोळ घालतानाही पाहिलंय. सिमीनची घुसमट पाहिली आणि तिचं निघून जाणंही. तेर्मेला जे माहीत आहे ते सगळं आपल्याला माहीत आहे. तिचं उत्तर ऐकू आलं असतं तर आपण सुटकेचा श्वास टाकून कोणाची तरी बाजू घेतली असती. ते ऐकू येत नाही, म्हणून तिच्या खुर्चीत आपल्याला बसावं लागतं, आणि अकरा वर्षांच्या पोरीवर हा निवाडा टाकणं म्हणजे काय ते तिथे बसल्यावर कळतं.

‘फँड्री’तला तो शेवटचा दगड कोणाला?

हा प्रश्न आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळा आलाय, म्हणून जरा सविस्तर.

गोष्टीपुरतं बोलायचं तर शाळकरी जब्या त्याच्या कुटुंबाला चिडवणाऱ्या पोरांना दगड मारतोय. पण नागराज मंजुळे यांनी कॅमेरा त्या चिडवणाऱ्याच्या जागी ठेवलाय. दगड हातातून सुटतो, थेट आपल्या दिशेने येतो, आणि सिनेमा तिथेच संपतो.

हा दगड लागतो का, हे त्याआधीच्या भागावर अवलंबून आहे. शेवटाआधी गावातली डुकरं पकडायचा लांबलचक प्रसंग आहे. ज्याने मुलांच्यात आपली जात झाकायचा आटापिटा केला, आवडणाऱ्या शालूसमोर नीट दिसावं म्हणून धडपडला, त्या जब्याला तिच्याच देखत सगळ्या गावासमोर डुकरामागे पळावं लागतं. गावकरी बघत बसलेत, पोरं टाळ्या पिटतायत. शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं तेव्हा तो हातातलं काम टाकून ताठ उभा राहतो. मग डुक्कर काठीला बांधून घरचे सगळे शाळेच्या भिंतीजवळून जातात, आणि भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, गाडगेबाबा यांची चित्रं रंगवलेली असतात.

आमच्या हॉलमध्ये या धरपकडीच्या वेळी लोक हसत होते. मीही हसलो. डुक्कर हातातून निसटतं, कोणी धडपडतं, ते दिसायला गमतीचंच आहे. गावातली माणसं ज्याला हसतायत त्यालाच आपण हसतो, त्यांच्याच बरोबर. आणि मग दगड येतो. त्या दिवशी दगड आला आणि प्रोजेक्टरवरच्या मुलाने सवयीने लगेच ट्यूबलाइट लावल्या. पन्नासएक माणसं उजेडात एकमेकांकडे बघत बसली. पहिल्या रांगेतले एक आजोबा म्हणाले, “संपला?” मागून एका मावशींनी विचारलं, “लागला का हो?” कोणाला, ते त्या बोलल्या नाहीत.

जब्याचं पुढे काय झालं, शालूशी तो पुन्हा कधी बोलला का, ज्या काळ्या चिमणीमागे तो गलोल घेऊन हिंडायचा तिचं काय, हे सगळं राहून जातं. एका बाईंनी हे सगळं अर्धवट राहिल्याची तक्रार केली होती आणि ती रास्त आहे. पण दगडानंतर आणखी एक जरी दृश्य आलं असतं, पोलीस, मास्तर, आईचं रडणं, काहीही, तरी दगड जब्याच्या गोष्टीतला एक प्रसंग होऊन गेला असता. तो आपल्यापर्यंत पोचायचा असेल तर वाटेत दुसरं काही येऊन चालणार नव्हतं.

जाणकार लगेच ‘अंकुर’ची आठवण काढतात. श्याम बेनेगल यांच्या त्या चित्रपटात (१९७४) जमीनदाराच्या घराच्या काचेवर एक लहान पोरगा दगड मारतो आणि पळतो, पडदा लाल होतो. नातं आहेच. पण तिथे काच जमीनदाराची होती आणि आपण लांबून बघत होतो. ‘फँड्री’त काचेच्या जागी आपण बसलोय. आणि जब्या पळत नाही.

‘कोर्ट’मध्ये खटल्याचा निकालच नाही. हे प्रेक्षकाला फसवणं नाही का?

चैतन्य ताम्हाणे यांचा हा चित्रपट (२०१४) पाहून आमच्याकडे दोघं जण खरोखर चिडले होते. लोकशाहीर नारायण कांबळे यांचा खटला आपण पावणेदोन तास पाहतो. मग कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागते, शिपाई एकेक दिवा बंद करतो आणि पडदा काळा होतो. तो अंधार बराच वेळ राहतो. आमच्याकडे तेव्हा चार माणसं चपला शोधायला उठली होती.

आणि मग सिनेमा पुन्हा सुरू होतो. न्यायाधीश सहलीला गेलेत, रिसॉर्टवर. ओळखीतल्या कोणाच्या मुलाला बोलायला त्रास आहे, त्यावर ते अंकशास्त्राचा आणि अंगठीचा सल्ला देतात. मग बाकावर डुलकी घेतात. मुलं एकदम ओरडून त्यांना दचकवतात, ते हाताला लागेल त्या मुलाला एक थोबाडीत देतात आणि पुन्हा पेंगू लागतात. संपलं.

निकाल नाही हे खरं. पण चित्रपटाने विचारलेला प्रश्न “कांबळे सुटतो का” हा नव्हताच. त्या खुर्चीत बसलेला माणूस कोण आहे, सरकारी वकील बाई घरी जाऊन काय करतात, बचावाचा वकील कुठे जेवतो, हे सिनेमा सुरुवातीपासून शोधत होता. शेवटच्या दृश्यात त्याचं उत्तर मिळतं. कोणाला तरी शिक्षा होते, ती देणाऱ्याचे डोळे अर्धे मिटलेले असतात, आणि दिल्यावर तो झोपतो. कांबळे कोठडीत असताना. याहून स्पष्ट शेवट मी क्वचित पाहिलाय.

‘अंधाधुन’मध्ये आकाश खरं बोलतोय की खोटं?

आकाश म्हणजे आंधळ्याचं सोंग घेणारा पियानोवादक, ज्याला पुढे सिमी खरोखरच आंधळं करते. शेवटी त्याला दिसतं, एवढं नक्की. तो काठीने वाटेतला कॅन उडवतो, तिथे ती शंका मिटते. शंका राहते ती त्याने मैत्रीण सोफीला सांगितलेल्या गोष्टीबद्दल. सशाने उडी मारली, गाडी उलटली, सिमी मेली, हे सगळं खरं की रचलेलं? त्याच्या काठीची मूठही सशाच्या तोंडाची आहे. काहींना तो पुरावा वाटतो, काहींना त्याचीच थाप.

मला यातलं वेगळंच आवडतं. पुण्यातल्या त्या सगळ्या गोंधळात आकाशला दिसतं हे आपल्याला आधीपासून माहीत होतं. शेजारीपाजारी फसत होते आणि आपण त्याच्या बाजूने मजा बघत होतो. श्रीराम राघवन शेवटच्या मिनिटात आपल्याला उचलून त्या फसणाऱ्या शेजाऱ्यांच्या रांगेत उभं करतात. त्यामुळे हे कोडं बाहेरून चिकटवल्यासारखं वाटत नाही. सिनेमाभर जो खेळ चालला होता, तोच शेवटी आपल्याशी खेळला जातो.

‘इनसेप्शन’चा भोवरा पडतो की नाही?

२०१० पासून हेच विचारलं जातंय. भोवरा पडला तर नायक कॉब जागा आहे, फिरतच राहिला तर स्वप्नात. पण भोवऱ्याकडे बघू नका, कॉबकडे बघा. भोवरा फिरवून तो मुलांकडे वळतो आणि पुन्हा मागे पाहत नाही. सिनेमाभर ज्याला ही खात्री करून घेतल्याशिवाय चैन पडत नव्हतं, त्याने ती करायची सोडली. त्याची गोष्ट तिथे पूर्ण झाली.

चित्र गोठवून शेवट करणं ही पळवाट नाही का?

पुष्कळदा असते. दूरदर्शनच्या जुन्या मालिकांत हसणारं कुटुंब गोठवून त्यावर नावं चढवायचे, तशी. पण मूळ दोन उदाहरणं पाहा.

त्रुफो यांच्या ‘द फोर हंड्रेड ब्लोज’मध्ये (१९५९) सुधारगृहातून पळालेला अंत्वान पळत पळत समुद्रापर्यंत येतो. पुढे पाणी, पळायला जागा नाही. तो वळतो, कॅमेऱ्याकडे बघतो आणि तिथेच चित्र थांबतं. त्याच्यापुढची वाट संपलीय, म्हणून चित्र थांबलंय.

दुसरं ‘चारुलता’ (१९६४). ही रवींद्रनाथांची ‘नष्टनीड’ ही गोष्ट. तिच्या अखेरीस दुरावलेला नवरा भूपती चारूला बरोबर चल म्हणतो आणि ती एवढंच म्हणते: ना, थाक. नको, राहू दे. दार बंद झाल्यासारखा शब्द आहे तो. सत्यजित राय यांनी हा शब्द वापरला नाही. त्यांनी चारूला दारात उभी केली, ती हात पुढे करते, भूपतीही हात पुढे करतो, आणि दोन हात भेटायच्या आत चित्र गोठतं. मग दोघांचे चेहरे, दिवा घेऊन उभा असलेला म्हातारा नोकर, सगळं गोठलेलं. मधलं ते बोटभर अंतर मी किती वेळा पाहिलंय. संसार पुढे चालू राहील, ते एकाच घरात राहतील, पण ते अंतर बुजेल की नाही याची खात्री त्या दोघांनाही नाही. आपल्याला कशी असणार?

शेवट डोक्यावरून गेला. मी कमी पडलो का?

मुळीच नाही. २००७ च्या १० जूनला अमेरिकेत ‘द सोप्रानोज’ या मालिकेचा शेवटचा भाग ऐन प्रसंगात काळ्या पडद्यावर संपला, तेव्हा कित्येकांना वाटलं केबलच गेली. दचकायला होणं हा अनुभवाचाच भाग आहे. फक्त “कळलं नाही” म्हणून लगेच मोबाइलवर ‘शेवटाचा अर्थ’ शोधू नका. एक रात्र जाऊ द्या. मला ‘कोर्ट’ची थोबाडीत दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना कळली.

निर्माते किंवा सेन्सॉर शेवट बदलायला लावतात, त्याने खरंच फरक पडतो?

पडतो. ‘शोले’मध्ये (१९७५) ठाकूर गब्बरला ठार मारतो असा शेवट चित्रित झाला होता. सेन्सॉरच्या आक्षेपामुळे पोलीस येऊन गब्बरला धरतात असा बदल झाला आणि आपण सगळे तोच पाहत आलो. माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घेतलेला त्यांना नको होता. दोन्ही शेवट स्पष्टच आहेत, पण एकात सूड पुरा होऊन माणूस रिता होतो, दुसऱ्यात नियम पाळला जातो.

‘सैराट’चा हिंदी अवतार ‘धडक’ (२०१८) आणखी बोलका आहे. त्यात नायिका वाचते. नवरा आणि मूल तिच्या डोळ्यांदेखत इमारतीवरून खाली पडतात. धक्का आहे, दुःखही आहे. पण मूळ चित्रपटात जिवंत राहतं ते मूल, आणि त्याला काय पाहिलं हे समजतही नाही. ते उंबऱ्याबाहेर येऊन रडतं आणि आपण त्याला उचलून घेऊ शकत नाही. ते आता कोणाकडे वाढणार, हा प्रश्न ‘धडक’मध्ये उरत नाही.

दुसरा भाग काढायचा म्हणून टांगून ठेवलेला शेवट यात धरायचा का?

नाही. तिथे उत्तर तयार असतं, फक्त त्यासाठी दुसरं तिकीट काढावं लागतं.

मी शॉर्ट फिल्म करतोय. शेवट खुला ठेवू का?

गावोगावच्या स्पर्धांमुळे आमच्याकडे दरवर्षी मुलं आपल्या फिल्म दाखवायला घेऊन येतात. त्यांतल्या निम्म्या तरी एकाच पद्धतीने संपतात: नायक दार उघडतो, काहीतरी बघतो, त्याचा चेहरा, काळा पडदा. मी विचारतो, “दाराआड काय होतं?” आणि दिग्दर्शक म्हणतो, “ते प्रेक्षकांवर सोडलंय.” मग मी विचारतो, “तुला माहितीय का?” बहुतेक वेळा तो खाली बघतो.

माझा सल्ला असा. आधी बंद शेवट लिही. दाराआड काय आहे, ते पाहून तो काय करतो, दुसऱ्या दिवशी सकाळी काय होतं, सगळं. मग मागून एकेक दृश्य काढत ये. ज्याच्याशिवाय चालतं ते काढ. एका जागी असं होईल की आणखी काढलंस तर प्रश्नच कळेनासा होतो. त्याच्या अलीकडे थांब. आणि आवाजाकडे लक्ष दे, पोरं चित्र कापतात आणि पार्श्वसंगीत तसंच पुढे वाहू देतात. गेल्या वर्षी एका मुलीने तिच्या फिल्मच्या शेवटी फक्त कुकरची शिट्टी ठेवली होती. आई निघून गेलीय की स्वयंपाकघरात आहे, एवढाच प्रश्न होता, आणि शिट्टी झाल्यावर गॅस कोणी बंद करतं का हे ऐकायला सगळा हॉल कान देऊन बसला होता.

नावं सुरू झाली की उठलं तर चालेल ना?

घाई नसेल तर बसा. घरी पाहत असाल तर नावं सुरू होताच कोपऱ्यात पुढच्या सिनेमाची जाहिरात येते, ती बंद करायची सोय असते, ती करून ठेवा. ‘अ सेपरेशन’ची श्रेयनामावली त्या कॉरिडॉरवरच चढत जाते. तिथे माणसं ये-जा करतात, सिमीन काचेच्या त्या बाजूला, नादेर या बाजूला, दोघं एकमेकांकडे बघत नाहीत. तेर्मे अजून आत आहे. आमच्याकडे आता प्रोजेक्टरवरच्या मुलाला सांगून ठेवलंय, शेवटचं नाव जाईपर्यंत ट्यूबलाइट लावायची नाही.